कष्ट आणि कंटाळा

दिवसाचे काम आटोपून माणूस घटकाभर टेकतो, तेव्हा त्याच्या तोंडून सहज एकच शब्द निघतो: ‘दमलो.’ या एका शब्दात दोन निराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. एक, शरीराला झालेले कष्ट. दुसरी, मनाला आलेला कंटाळा. वरवर दोहोंचा परिणाम सारखाच दिसतो. पण त्यांची कारणे वेगळी आणि म्हणून उपायही वेगळे. पाठ मोडून आलेल्या माणसाला ‘कामात आनंद मान’ असे सांगणे ही निष्ठुरता होय. आणि जो कंटाळला आहे, त्याला नुसती विश्रांती देऊनही भागत नाही.

प्रथम कष्टांचा विचार करू. अमेरिकेत फ्रँक गिलब्रेथ नावाचा एक तरुण १८८५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, गवंडीकामाची उमेदवारी करू लागला. त्याच्या असे ध्यानात आले की, प्रत्येक गवंड्याची वीट बसवण्याची रीत निराळी असते. इतकेच नव्हे, तर एकच गवंडी घाईत असताना एका रीतीने काम करतो, सावकाश करताना दुसऱ्या आणि इतरांना शिकवताना तिसऱ्याच रीतीने! पुढे त्याने या हालचाली मोजल्या. एक वीट बसवण्यास अठरा हालचाली लागत, त्या त्याने पाचांच्या आत आणल्या. विटा आणि चुना हाताशी येतील अशी, भिंतीबरोबर उंच करता येणारी परांची त्याने तयार केली. परिणाम असा झाला की, जो गवंडी तासाला १२० विटा बसवी, तो ३५० बसवू लागला. यासाठी गवंड्याला अधिक घाई करावी लागली नाही. प्रत्येक विटेगणिक होणारे त्याचे वाकणे तेवढे वाचले.

फ्रँकची पत्नी लिलियन ही बारा मुलांची आई. १९२४ साली पती निवर्तल्यावर तिने हीच दृष्टी स्वयंपाकघराकडे वळवली. पायाने दाबून झाकण उघडावयाची कचऱ्याची पेटी आज घरोघरी दिसते, तिचे श्रेय तिलाच दिले जाते.

आपल्या घरातही ही पाहणी करून पाहण्यासारखी आहे. ओटा उभ्या माणसाच्या कोपरापेक्षा किंचित खाली असावा. पण तो बहुधा गवंड्याच्या सवयीने बांधलेला असतो, वापरणारीच्या उंचीने नव्हे. रोज लागणारा मिठाचा डबा सर्वांत वरच्या फळीवर आणि सणासुदीची पातेली हाताशी, अशी उलटी मांडणी कितीतरी घरांत वर्षानुवर्षे चालत आलेली असते. भाजी निवडणे, कपड्यांच्या घड्या घालणे, ही कामे बसून होण्याजोगी असूनही सवयीने उभ्यानेच केली जातात. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, चार माणसांचे काम एकीच्याच अंगावर पडत असेल, तर कोणतीही युक्ती तिला पुरी पडणार नाही. तेथे कामाची वाटणी हाच खरा उपाय.

येथे कोणी म्हणेल, आपल्या आजी-पणजी जात्यावर गात दळत असत, त्यांना कोठे असे उपाय लागले? महाराष्ट्रात संशोधकांनी खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आहेत. हे धन अमोल आहे, यात शंका नाही. परंतु दळणे सुखाचे होते, असा त्याचा अर्थ नव्हे. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांनी डोक्यावर दळण घेऊन तिची वाट धरली, हेही तितकेच खरे आहे. ओवीने मनाला सोबत दिली. हाताला आलेले घट्टे तिने कमी केले नाहीत. ते काम गिरणीने केले. ओवीची थोरवी मानावी, पण तिच्या आधाराने जात्याची भलामण करू नये.

आता कंटाळ्याकडे वळू. कष्ट बेताचे असूनही काम नकोसे वाटते, ते बहुधा त्यात आपले म्हणण्यासारखे काहीच उरले नाही म्हणून. या बाबतीत चंडीगढचे एक उदाहरण मनन करण्याजोगे आहे.

फाळणीनंतर शकरगढ भागातून भारतात आलेले नेकचंद सैनी १९५१ साली चंडीगढमध्ये सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते-निरीक्षक म्हणून रुजू झाले. नवे नगर उभारले जात होते आणि त्यासाठी जुनी खेडी उठत होती. पडलेल्या घरांचा चुरा, फुटक्या कपबश्या, बांगड्यांचे तुकडे, फरशा, विजेचे निकामी सामान, सायकलींचे सांगाडे हे सारे रस्त्यांवर देखरेख करणाऱ्या या माणसाच्या रोज नजरेस पडे. इतरांच्या लेखी तो कचरा होता. नेकचंद नोकरीचे तास संपले की सायकलवरून तो गोळा करीत, नदीनाल्यांतून चित्रविचित्र आकारांचे दगड आणीत आणि शहराच्या उत्तरेकडील संरक्षित जंगलात, १९५७-५८ पासून, कोणाच्या नकळत त्यांची एक सृष्टी उभी करीत राहिले. चित्रशिल्पाचे शिक्षण त्यांना मिळालेले नव्हते. मात्र नव्या नगराचे काँक्रीट ते रोज पाहत होते. त्याच काँक्रीटने त्यांनी माणसे, पशू आणि पक्षी घडवले.

सुमारे अठरा वर्षांनी, सरकारी अधिकाऱ्यांना या बागेचा पत्ता लागला, तेव्हा ती सुमारे बारा एकरांवर पसरली होती. नियमाप्रमाणे ते अतिक्रमण होते आणि ते पाडले जाण्याचा धोका होता. पण लोकमत बागेच्या बाजूने उभे राहिले. १९७६ साली ती सर्वांना खुली झाली, आणि नेकचंदांना तेथेच पगारी नेमणूक व मदतीला पन्नास मजूर मिळाले. १९८४ साली त्यांना ‘पद्मश्री’ देण्यात आली. २०१५ साली ते निवर्तले; त्यांचे रॉक गार्डन मात्र आजही पाहणाऱ्यांना थक्क करते.

प्रत्येकाने जंगलात बाग उभारावी, हा या कथेचा बोध नव्हे. ध्यानात घ्यावयाचे ते एवढेच की, नेकचंदांनी आपल्या कामाकडे पाहणे सोडले नाही. रोज समोर येणाऱ्या वस्तू त्यांनी नीट पाहिल्या; कोणता तुकडा कशाच्या उपयोगी पडेल, हा प्रश्न जागा ठेवला. कंटाळलेला माणूस सर्वांत आधी पाहणेच सोडतो. मग त्याला प्रत्येक फाइल, प्रत्येक पोळी, प्रत्येक दिवस सारखाच दिसू लागतो.

भाषांतराच्या टेबलावर याचा अनुभव नेहमी येतो. एखादे रुक्ष पत्रक समोर येते आणि त्यात जमिनीची धूप थांबवण्याचा विषय असतो. ‘मृदसंधारण’ लिहिले की काम संपते. पण मजकूर बांधांविषयी असेल, तर शेतकऱ्याच्या तोंडचा ‘बांधबंदिस्ती’ हा शब्द आठवावा आणि नेमका जागी बसावा, यातला आनंद काही औरच. त्यासाठी पगार वाढत नाही, वेळही फारसा अधिक लागत नाही. परंतु त्या पत्रकाची एक ओळ आपली होते. शिवणाऱ्याला ही जागा काजाच्या टाक्यात सापडेल, शिक्षकाला फळ्यावरच्या आकृतीत, तर घरात वावरणाऱ्याला डाळीच्या फोडणीत. दिवसाच्या कामातला असा एक तुकडा निवडावा आणि तो मन लावून करावा. सगळेच काम मन लावून करण्याचा संकल्प चार दिवसांत मोडतो. एका तुकड्याचा टिकतो.

म्हणून आज सायंकाळी ‘दमलो’ हा शब्द ओठांवर आला, तर स्वतःला एवढेच विचारावे: कष्टाने की कंटाळ्याने? कष्टाने असेल, तर मांडणी बदलावी, साधन बदलावे, घरच्यांना हाताशी घ्यावे, आणि हे मागताना संकोच करू नये. कंटाळ्याने असेल, तर उद्याच्या कामातला आपला तुकडा कोणता, हे निजण्यापूर्वी ठरवून ठेवावे.