सुटला तर कुठे पडेल?

अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात २१ जुलै २०२२ रोजी वणव्यावर पाणी मारण्याच्या कामावर असलेलं एक चिनूक हेलिकॉप्टर सॅमन नदीजवळ कोसळलं. दोन्ही पायलट गेले. यंत्र जुनं, काम जोखमीचं, खाली लटकणारी पाण्याची बादली. संशय घ्यायला जागा भरपूर होत्या. अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबीने शेवटी बोट ठेवलं ते एका आयपॅडवर. तो कशालाच बांधलेला नव्हता. घसरून पायाखालच्या पेडलांमध्ये गेला आणि तिथेच रुतला.

हे चिनूकचं, म्हणजे अवाढव्य हेलिकॉप्टरचं. चार सीटच्या सेस्ना १७२ मध्ये खांद्याच्या उंचीवर केबिनची रुंदी जेमतेम एक मीटर असते. दोन माणसं बसली की कोपराला कोपर लागतं. तिथे निसटलेल्या टॅबलेटला जायला जागा फार नसते, आणि ज्या असतात त्यांतल्या बऱ्याच पेडलांकडे नाहीतर कंट्रोलच्या मुळाशी उतरतात.

फ्लाइंग क्लबवरची मुलं मला विचारतात ते वेगळंच. नकाशासाठी आयपॅड मिनी घेऊ की मोठा? तो बसवायला कुठल्या कंपनीचा माउंट चांगला? सेल्युलर लागतो का? (लागतो. नुसत्या वायफायच्या आयपॅडमध्ये जीपीएसची चिप नसते, हे बरेच जण बॉक्स फोडल्यावर शिकतात.) या प्रश्नांची उत्तरं दुकानदारही देईल. माझ्या मते माउंट निवडताना पहिला प्रश्न एकच: हा सुटला तर कुठे पडेल?

कागदाच्या काळात हा प्रश्न एवढा टोकदार नव्हता. नकाशा पायाशी पडला तर पेडल त्याला चुरगाळून पुढे जातं. काच आणि ॲल्युमिनियमची पाटी चुरगळत नाही, ती पाचर होऊन बसते. २०१४ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश हवाई दलाच्या व्हॉयेजर विमानात असंच झालं. पायलटचा कॅमेरा आर्मरेस्ट आणि साइडस्टिक यांच्या फटीत होता. त्याने सीट पुढे सरकवली, कॅमेऱ्याने स्टिक पुढे रेटली आणि काळ्या समुद्रावर ते प्रचंड विमान अर्ध्या मिनिटाच्या आसपास ४,४०० फूट खाली आलं. माणसं छतावर आपटली, जीव मात्र वाचले. व्हॉयेजर बऱ्याच उंचीवर होतं म्हणून हे निभावलं. विमानतळाभोवती सर्किटमध्ये हजार फुटांवर असणाऱ्या विद्यार्थ्याकडे तेवढी पुंजी नसते.

आता माउंटकडे. सेस्नात सर्वात लोकप्रिय म्हणजे योकच्या, म्हणजे स्टिअरिंगसारख्या कंट्रोलच्या, दांड्याला क्लॅम्पने आवळायचा. मला तो वाईट वाटत नाही. पकड धातूची असते, नजर फार खाली जात नाही, हात सहज पोचतो. पण योक नुसता डावी-उजवीकडे फिरत नाही, तो पुढे-मागेही सरकतो, आणि टॅबलेट त्याच्याबरोबर हा सगळा प्रवास करतो. योक पूर्ण पुढे गेला तर टॅबलेट पॅनेलला टेकतो का? पूर्ण मागे ओढून उजवीकडे वळवला तर त्याचा कोपरा मांडीला लागतो का? लँडिंगच्या शेवटच्या क्षणी, आडव्या वाऱ्यात, नेमकं तेच करावं लागतं. आयपॅड मिनी तीनशे ग्रॅमच्या आसपास. मोठा प्रो त्याच्या जवळजवळ दुप्पट जड. एवढं ओझं योकच्या एका बाजूला टांगलं की हाताला लागणारा भार बदलतो. मिनीची शिफारस मी करतो ती यासाठी.

ज्या विमानात योकऐवजी स्टिक असते, उदाहरणार्थ डायमंड डीए४०, तिथे बरेच जण मांडीला निबोर्ड, म्हणजे टॅबलेट धरणारी पाटी, बांधतात. स्टिक दोन्ही मांड्यांच्या मधे असते, त्यामुळे निबोर्ड थोडा आत सरकला तरी तिची वाट अडते. शिवाय दर वेळी मान खाली घालावी लागते. ढगात, वळण चालू असताना, मान झटक्यात खाली-वर केली की आतल्या कानाचा तोल बिघडतो आणि विमान भलतीकडेच कलल्याचा भास होतो. स्वच्छ हवामानात निबोर्ड चालेल. इन्स्ट्रुमेंट रेटिंगच्या मुलांनी मात्र दोनदा विचार करावा.

सक्शन कपाबद्दल माझं मत कडक आहे: मुख्य आधार म्हणून नकोच. कप काचेला चिकटतो तो बाहेरच्या हवेच्या दाबामुळे. हा दाब समुद्रसपाटीच्या मानाने ५,००० फुटांवर सुमारे १७ टक्क्यांनी आणि १०,००० फुटांवर सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतो, आणि लहान विमानाच्या केबिनमध्येही तोच कमी दाब असतो. म्हणजे आपण जसजसे वर जातो तसतशी पकड ढिली पडते. त्यात धूळ आणि उन्हाने कडक झालेलं रबर यांची भर. विंडशील्डवर लावला तर समोरून येणारं दुसरं विमान नेमकं त्याच्यामागे लपू शकतं.

उन्हाचा विषय आपल्याकडे जास्त नेटाने बोलायला हवा. माउंटबद्दलचे बहुतेक सल्ले थंड देशांतून येतात. आयपॅड वापरायचं तापमान ॲपलने ०° ते ३५° सेल्सियस सांगितलं आहे. गोंदियाला मे महिन्यात बाहेरच ४० च्या वर असतं. एप्रनवर उभ्या बंद विमानात किती, ते तिथे उडायला शिकणाऱ्या मुलांना विचारा. काचेशी, थेट उन्हात, जाड कव्हरात बसवलेला टॅबलेट तापमानाचा इशारा देतो आणि पडदा बंद करतो. नकाशा गेला. म्हणून आपल्याकडे माउंटची जागा सावली आणि एअर व्हेंटचा झोत बघून ठरवावी, कव्हर काढावं आणि कागदी नकाशा सीटच्या खिशात ठेवावाच. २०१५ च्या एप्रिलमध्ये पायलटांच्या आयपॅडवरच्या ॲपमधल्या बिघाडाने अमेरिकन एअरलाइन्सचीही उड्डाणं खोळंबली होती. आपण तर एकटे.

चुंबकाच्या माउंटचा मोह आता वाढतो आहे. लावायला सोपा, काढायला सोपा. सेस्नात कंपास पॅनेलच्या वर, काचेपाशी असतो. टॅबलेट त्याच्याजवळ नेऊन बघा, आकडा हलला तर तो माउंट घरच्या स्वयंपाकघरात लावा. आणि चार्जिंगची तार! महागडा माउंट घेणारेही ती लोंबती सोडतात. योकभोवती तिचा वेढा पडायला दोन वळणं पुरतात.

पॅनेलला भोक पाडून टॅबलेट कायमचा बसवणं हा विमानातला बदल ठरतो, त्याला मंजुरी लागते, आणि ते योग्यच आहे. काढता-घालता येणाऱ्या माउंटची जबाबदारी मात्र पायलटच्या गळ्यात येते. विद्यार्थ्याच्या बाबतीत ती इन्स्ट्रक्टरवरही आहे, आणि इथे मला फ्लाइंग स्कूलांचं वागणं पटत नाही. ‘कंट्रोल्स फ्री अँड करेक्ट’ हा चेक प्रत्येक विमानाच्या चेकलिस्टवर असतो. अनेकदा तो होतो तेव्हा टॅबलेट बॅगेत असतो; माउंटवर चढतो तो नंतर, टॅक्सी करताना. मग तपासलं काय?

स्कूलांनी चेकलिस्टमध्ये एक ओळ वाढवावी: टॅबलेट आणि तार जागेवर लावून मगच कंट्रोल चेक. योक किंवा स्टिक चारही टोकांपर्यंत, पेडल दोन्ही बाजूंना पूर्ण. छपाईचा खर्च नगण्य आहे. आणि मुलांनो, नवा माउंट आणलात की पहिल्या दिवशी उडू नका. इंजिन बंद ठेवून विमानात बसा, माउंटला जोरात हिसका द्या, आणि टॅबलेट सुटलाच तर तो कुठे जाऊन थांबतो ते बघा. पेडलांपाशी थांबला तर माउंट परत करा.