प्रशिक्षकाचे टेबल

नव्या बॅचमधले बरेच विद्यार्थी सेस्ना १७२ मध्ये पहिल्यांदा बसतात तेव्हा मिक्श्चर कुठे, फ्लॅपचा खटका कुठे, हे त्यांना दाखवावे लागत नाही. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर किंवा एक्स-प्लेनवर हे विमान त्यांनी घरी मनसोक्त उडवलेले असते. बारामती, धुळे, गोंदिया, नागपूर, कुठेही शिकवत असलात तरी असा विद्यार्थी आता तुमच्यासमोर येणारच. त्याला ‘ते सगळे विसर’ म्हणून मोकळे होणे आम्हाला चुकीचे वाटते. अंगवळणी पडलेल्या सवयी सांगून जात नाहीत. शिवाय चेकलिस्टचा क्रम, व्हीओआरचा काटा वाचणे, रेडिओवरची भाषा यांत त्याने मिळवलेली तयारी खरोखरच उपयोगाची असते.

अडचण हाताच्या, पायाच्या आणि नजरेच्या सवयींत आहे. ट्रिमचेच पाहा. खऱ्या विमानात आपण आधी योकने नाक हवे तिथे धरतो, वेग स्थिरावू देतो आणि मग हातावरचा दाब संपेपर्यंत ट्रिमचे चाक फिरवतो. दाब संपला की योक त्याच जागी राहतो. घरच्या साध्या योकमध्ये मात्र स्प्रिंग असते. तिला वाऱ्याचा जोर ठाऊक नसतो, ती योकला सतत मध्याकडेच ओढते. ट्रिम कितीही फिरवला तरी स्प्रिंगचा दाब हलत नाही, म्हणून मुलगा आल्टिमीटरकडे बघत चाकानेच नाक वर-खाली करायला शिकतो. खऱ्या विमानात तो नेमके हेच करतो आणि पूर्ण सर्किटभर उंचीच्या मागे धावतो. त्याला ‘ट्रिम कर’ असे ओरडून उपयोग नाही. त्याच्या घरी स्प्रिंग आहे हे आपल्याला कळले, तर चूक पाच मिनिटांत समजावता येते.

नजर काट्यांवर खिळण्याचे कारणही असेच साधे आहे. एका पडद्यावर बाजूचे दिसत नाही. बेसवरून फायनलला वळताना धावपट्टी डोळ्यांनी शोधण्याऐवजी मुले आकड्यांवर वळतात, आणि फ्लेअरच्या वेळी डोळ्यांच्या कडांना जाणवणारी जमिनीची जवळीक त्यांनी कधी अनुभवलेलीच नसते. पायांचे तर विचारूच नका. घरी ऑटो-रडर चालू असेल, तर पूर्ण पॉवरच्या चढाईत नाक डावीकडे जाते हेच त्यांना नवीन असते.

सर्वांत जास्त काळजी ढगांची वाटते. घरी खुर्ची स्थिर असते, त्यामुळे काट्यांवर विश्वास ठेवणे सोपे जाते. शरीर विरोधात काही सांगतच नाही. प्रत्यक्षात मंद गतीने आलेला कल आतल्या कानाला कळत नाही. काटे पाहून पंख सरळ केले की उलट बाजूला कललो असे वाटते. इलिनॉय विद्यापीठात १९५४ साली झालेल्या प्रयोगात, उपकरणांवर उडण्याचे कसब नसलेल्या २० जणांना बाहेरचे दिसेनासे केल्यावर सर्वांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. पडद्यावर आयएलएस झकास करणाऱ्या मुलाला हा आकडा पहिल्याच आठवड्यात सांगा.

एडविन लिंकने १९२९ मध्ये वडिलांच्या ऑर्गनच्या कारखान्यातल्या भात्यांवर आपला ट्रेनर, आजच्या सिम्युलेटरांचा पूर्वज, उभा केला. १९३४ मध्ये, टपाल वाहताना अमेरिकी लष्कराचे वैमानिक खराब हवामानात बळी पडले, तेव्हा लष्कराने तो विकत घेतला. ट्रेनरच्या निळ्या पेटीशेजारी प्रशिक्षकाचे टेबल असे. पेटीतल्या मुलाचा मार्ग त्या टेबलावरच्या नकाशावर शाईने उमटत जाई आणि चूक तिथल्या तिथे कळे. आज घराघरांतले दृश्य लिंकच्या स्वप्नापलीकडचे आहे, पण शेजारचे टेबल तेवढे नाही. डीजीसीए सीपीएलच्या १० तासांच्या इन्स्ट्रुमेंट अनुभवापैकी जास्तीत जास्त ५ तास मान्यताप्राप्त सिम्युलेटरवर धरते. घरचा एक मिनिटही धरत नाही. नियम योग्यच आहे. पण लॉगबुकात न येणारा सरावही विद्यार्थी आपल्या विमानात घेऊन येतो. त्याची जबाबदारी आपणच घ्यायला हवी.

म्हणून पहिल्या ब्रीफिंगलाच विचारा: घरी काय आहे, पेडल आहेत का, ऑटो-रडर बंद आहे का? पहिल्या काही उड्डाणांत काटे झाकून क्षितिजावर उडवायला लावा. सोलोपर्यंत घरी लँडिंगचा सराव नको, असे स्पष्ट सांगा. त्याऐवजी गृहपाठ द्या. नागपूरची सुमारे १,०३० फूट उंची, तापमान ४५ अंश: प्रमाण दाब धरला तरी डेन्सिटी अल्टिट्यूड ४,८०० फुटांच्या आसपास जाते. घरच्या सिम्युलेटरवर पूर्ण वजनाने टेक-ऑफ करून किती धावपट्टी लागली ते मुलाने लिहून आणावे, हँडबुकातल्या तक्त्याशी ताडून पाहावे, आणि मेमधल्या दुपारच्या उड्डाणाचा निर्णय त्या कागदावरून तुमच्यासमोर स्वतः घ्यावा.