पातळ रंगाचा हिशेब

१९७५ साली लंडनमध्ये इयान लिव्हिंगस्टन, स्टीव्ह जॅक्सन आणि जॉन पीक या तीन मित्रांनी ‘गेम्स वर्कशॉप’ नावाचा एक छोटा व्यवसाय सुरू केला. आरंभीचा त्यांचा माल म्हणजे जुन्या बैठ्या खेळांचे लाकडी पट. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कल्पनारम्य खेळ प्रसिद्ध झाला होता; त्याच्या विक्रीत ही मंडळी शिरली. १९७९ मध्ये नॉटिंगहॅमशायर परगण्यातील नेवार्क येथे छोटे पुतळे ओतणारी ‘सिटाडेल मिनिएचर्स’ ही शाखा निघाली आणि १९८३ मध्ये त्या पुतळ्यांनी खेळावयाचा ‘वॉरहॅमर’ हा खेळ बाजारात आला. १९९४ पासून कंपनीचे समभाग लंडनच्या शेअरबाजारात नोंदले गेले आहेत आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती तेथील पहिल्या शंभर कंपन्यांच्या निर्देशांकात दाखल झाली. तिचे मुख्यालय नॉटिंगहॅमला आहे. ज्या लेस्टर शहरातील जैन मंदिर समाजातील अनेकांना परिचित आहे, तेथून हे ठिकाण मोटारीने तासाभराच्या अंतरावर येते.

व्यापारी दृष्टीने या धंद्याचे एक वैशिष्ट्य लक्षात घेण्याजोगे आहे. कंपनी जो माल विकते तो मुद्दामच अपुरा असतो. खोक्यात प्लॅस्टिकच्या करड्या चौकटी असतात; त्यांतून हात, पाय, ढाली, शिरस्त्राणे कापून काढावयाची, ती गोंदाने जोडावयाची आणि नंतर रंगवावयाची. माणसाचा पुतळा साधारण तीस मिलिमीटर उंचीचा, म्हणजे अंगठ्याच्या दोन पेरांहून लहान. त्यात बुटके, राक्षस, हाडांचे सापळे, चिलखती वीर असे काल्पनिक विश्वातील नाना प्रकार असतात. दोन खेळाडू मोठ्या टेबलावर आपापले सैन्य मांडतात, मोजपट्टीने इंचांत अंतर मोजून ते पुढे सरकवतात आणि फासे टाकून निकाल ठरवतात. मालावर शेवटचा हात फिरवण्याचे श्रम ग्राहक स्वतः करतो आणि त्या श्रमांसाठी लागणारे रंग व ब्रशही त्याच दुकानातून विकत घेतो.

अडचण येथेच सुरू होते. एक पुतळा रंगवणे हा छंद आहे. चाळीस पुतळे रंगवणे हे काम आहे. समजा, एका पुतळ्याला तीन तास लागले, तर चाळीस पुतळ्यांना १२० तास होतात. नोकरी, व्यवसाय किंवा अभ्यास सांभाळून आठवड्याला चार तास काढता आले, तर ३० आठवडे लागतील. एवढा धीर थोड्यांनाच असतो. बहुतेकांचे पाच-सात पुतळे रंगून होतात, नवे खोके खुणावू लागते आणि उरलेले कपाटात जातात. इंग्रजीभाषक हौशी मंडळी या करड्या साठ्याला थट्टेने ‘लाजेचा ढीग’ म्हणतात. हिशेबाच्या भाषेत तो अर्धवट तयार मालात अडकलेला पैसा होय. असा माल उपयोगात येत नाही, त्याची किंमत वाढत नाही आणि तो मनावर मात सतत ओझे ठेवतो.

या अडचणीवर छंद करणाऱ्यांनी जो उपाय शोधला त्याला ‘वॉश’ म्हणतात. वॉश म्हणजे अतिशय पातळ, वाहता रंग. त्यात रंगद्रव्य कमी आणि ते धरून ठेवणारे माध्यम जास्त असते. पुतळ्यावर तो पसरला की उंचवट्यांवरून ओघळतो, वस्त्राच्या चुण्यांत, चिलखताच्या सांध्यांत, बोटांच्या फटींत साचतो आणि तेथेच वाळतो. खोलगट भाग गडद होतात, उंच भाग उजळ राहतात.

चांदीच्या वस्तूंचा व्यवसाय असलेल्या घरांना हे तत्त्व नवे नाही. ऑक्सिडाइज्ड चांदीच्या दागिन्यात प्रथम सर्व पृष्ठभाग काळवंडवला जातो आणि नंतर वरचा भाग घासून चकचकीत केला जातो; खाचांत उरलेल्या काळेपणामुळे नक्षी उठून दिसते. वॉशचे काम त्याच जातीचे आहे. एवढ्या लहान वस्तूवर खोलीतील प्रकाश सगळीकडून सारखाच पडतो, त्यामुळे घड्यांतील खरी सावली डोळ्यांना जाणवत नाही. ती रंगाने दाखवावी लागते. कुशल चित्रकार तासन्‌तास बारीक ब्रशने जी सावली रंगवतो, ती वॉश गुरुत्वाकर्षणाच्या आणि कोरीव कामाच्या साहाय्याने काही मिनिटांत उतरवतो.

पद्धत साधी असली तरी तिचा क्रम मोडून चालत नाही. प्रथम साच्याच्या जोडाच्या बारीक रेघा चाकूने खरवडून काढाव्यात. त्या राहिल्या तर वॉश त्यांनाही तितक्याच निष्ठेने उठाव देतो. नंतर प्रायमरचा फवारा द्यावा. तो २० ते ३० सेंटिमीटर अंतरावरून, हलक्या हाताने आणि मोकळ्या हवेत द्यावयाचा असतो. हवा फार दमट असेल तर तो पृष्ठभागावर पिठासारखा खरखरीत बसतो. म्हणून पावसाळी दिवस टाळलेला बरा. त्यावर मूळ रंग चढवावेत आणि ते तीन ते पाच एवढेच असावेत: त्वचा, कापड, चामडे, धातू आणि फार तर एक वेगळी खूण. रंग पाण्याने किंचित सैल करून दोन पातळ हात देणे हे एका जाड हातापेक्षा चांगले, कारण जाड थराखाली कोरीव काम बुजते आणि मग वॉशला साचण्यास जागाच उरत नाही.

येथे वेळ वाचवणारी दुसरी युक्ती लागू पडते. एक पुतळा संपवून दुसरा हाती घेण्याऐवजी दहा पुतळे रांगेत ठेवून सर्वांचे चामडे आधी, मग सर्वांचे कापड, मग सर्वांचा धातू असे काम करावे. दहावा संपेपर्यंत पहिला वाळलेला असतो. ब्रश धुणे, रंग काढणे आणि बाटल्या उघडणे यांत जाणारा वेळ दहांवर वाटला जातो. मूळ रंग पूर्ण वाळल्यावर वॉश द्यावा. त्वचा, चामडे आणि हाडे यांना तपकिरी, पोलादाला काळा, हा नवशिक्यासाठी पुरेसा नियम आहे. ब्रश मोठा घ्यावा, वॉश सढळ हाताने पसरावा आणि लगेच नीट पाहावे. जेथे थेंब साचला असेल तेथून ओलसर, स्वच्छ ब्रशने तो टिपून घ्यावा. त्यानंतर हात आवरावा. अर्धवट वाळलेल्या वॉशला पुन्हा ब्रश लावला की त्याचा पापुद्रा उचलला जातो आणि तो डाग पुसता येत नाही. अर्धा-पाऊण तास पुतळा तसाच ठेवणे हेच या टप्प्यावरचे खरे कौशल्य होय.

शेवटी ड्राय ब्रश. फिकट रंगात बुडवलेला ब्रश कागदावर पुसून जवळजवळ कोरडा करावयाचा आणि उंच कडांवरून हलकेच फिरवावयाचा. केस, लोकर, साखळी-चिलखत यांवर तो फार शोभतो. पायाखालच्या चकतीवर लाकूडकामाचा पांढरा गोंद लावून बारीक वाळू चिकटवावी, तपकिरी रंग द्यावा, तिलाही ड्राय ब्रश करावा आणि चकतीची कड एकाच गडद रंगाने स्वच्छ रंगवावी. ही कड नीट असली की सगळा पुतळाच नेटका वाटतो. हाताळणीने रंग जाऊ नये म्हणून वर निस्तेज व्हार्निशचा थर. या रीतीने एका पुतळ्याला सरासरी ४० मिनिटे धरली, तर चाळिसांचे सैन्य २७ तासांत, म्हणजे आधीच्याच गतीने सात आठवड्यांत उभे राहते. तीस आठवड्यांचे काम सात आठवड्यांवर आले की ते पूर्ण होण्याचा संभव कितीतरी वाढतो.

वॉशच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. सपाट, गुळगुळीत भागावर, उदाहरणार्थ मोठी ढाल किंवा रुंद झगा, त्याला साचण्यास खाच मिळत नाही. तेथे चहाच्या कपाने टेबलावर उमटावे तसे वलय राहते. अशा ठिकाणी तो सर्वत्र न पसरता केवळ कडेने द्यावा. घरच्या घरी साध्या रंगात भरमसाट पाणी घालून वॉश बनवला तर रंगद्रव्य धरून ठेवणारे माध्यम विरळ होते आणि वाळल्यावर खडूसारखे डाग दिसतात. पाण्याबरोबर अॅक्रिलिक माध्यम मिसळणे आवश्यक असते. शिवाय वॉश सर्वच रंगांना थोडे मळकट करतो. म्हणून मूळ रंग अपेक्षेपेक्षा एक छटा उजळ निवडावा.

बाजाराने ही गरज कशी ओळखली, तेही पाहण्यासारखे आहे. कंपन्यांच्या आधी ग्राहकांनीच प्रयोग केले. अमेरिकेतील हौशी मंडळींनी फर्निचरचे तपकिरी व्हार्निश वापरून पाहिले. पुतळा त्यात बुडवून बाहेर झटकला की काम झाले. काहींनी फरशीला चमक आणणाऱ्या द्रवात शाई मिसळली. २००७ मध्ये डेन्मार्कमध्ये निघालेल्या ‘आर्मी पेंटर’ या कंपनीने बुडवण्याच्या या घरगुती रीतीचाच तयार डबा विकला. २०१९ मध्ये गेम्स वर्कशॉपने ‘कॉन्ट्रास्ट’ नावाचे रंग आणले. फिकट अस्तरावर एकच हात दिला की मूळ रंग आणि सावली दोन्ही साधतात. पुढच्याच वर्षी ‘वॉरहॅमर ४०,०००’ या भावंड-खेळाच्या नव्या आवृत्तीत स्पर्धात्मक डावाच्या १०० गुणांपैकी १० गुण सैन्य रंगवलेले असण्यासाठी राखून ठेवले गेले. त्यासाठी अपेक्षित दर्जा मूळ रंग, थोडी सावली आणि पूर्ण केलेली चकती एवढाच होता. काम उत्कृष्ट असण्याची अट त्यात नव्हती; ते पूर्ण असण्याची होती.

जैन कुटुंबांच्या दृष्टीने या पद्धतीतील सर्वांत महत्त्वाची वस्तू मात्र ब्रश ही आहे. बारीक कामासाठी नावाजलेले ब्रश ‘कोलिन्स्की सेबल’ या नावाने विकले जातात. ते केस सायबेरियन वीझल या मुंगसासारख्या दिसणाऱ्या लहान प्राण्याच्या शेपटीचे असतात. भारताच्या सूचनेवरून हा प्राणी वन्यजीव व्यापारावरील ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या तिसऱ्या परिशिष्टात नोंदलेला आहे. आपल्या देशात अशीच मागणी मुंगसाच्या केसांच्या ब्रशांना होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मुंगसाला संरक्षण आहे, २००२ मध्ये ते अधिक कडक करण्यात आले, आणि त्याच्या केसांच्या ब्रशांची खरेदी-विक्री गुन्हा ठरते. २०१९ मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्यूरोने या ब्रशांविरुद्ध देशभर ‘ऑपरेशन क्लीन आर्ट’ ही मोहीम राबवली होती. स्टेशनरी किंवा कलासाहित्याचा व्यवसाय असणाऱ्यांनी माल भरताना केस कशाचे आहेत हे पुरवठादाराकडून लेखी घ्यावे, एवढा बोध त्यातून निघतो.

वॉशची पद्धत येथे सोयीची ठरते. नैसर्गिक केसांची महती त्यांच्या सुईसारख्या टोकात आहे. वॉश पसरण्यास तसे टोक लागतच नाही. त्याला हवा असतो पोटात भरपूर द्रव धरणारा, मऊ, गोल ब्रश, आणि तो नायलॉन वा तत्सम कृत्रिम तंतूंचा उत्तम मिळतो. ड्राय ब्रशसाठी कृत्रिम तंतूंचा गोल मेकअप ब्रशही चालतो. डोळे किंवा पट्ट्याचे बकल यांसाठी एखादा बारीक ब्रश लागेल, तोही कृत्रिम घ्यावा. त्याचे टोक काही महिन्यांत वाकते, तेव्हा तो गोंद लावण्याच्या कामाला ठेवावा आणि नवा आणावा. खरेदी करताना दांड्यावर ‘सिंथेटिक’ हा शब्द आहे की नाही ते पाहावे. सेबल, स्क्विरल, मुंगूस यांपैकी काही लिहिलेले असल्यास तो परत ठेवावा. अहिंसेसाठी येथे कलेचा कोणताही त्याग करावा लागत नाही.

ही सारी पळवाट आहे, असा आक्षेप काही जाणकार घेतात. १९८७ पासून ‘गोल्डन डीमन’ नावाची रंगकामाची स्पर्धा होते; तिच्यातील पुतळे भिंगातून पाहण्यासारखे असतात आणि एकेकावर कित्येक आठवड्यांचे श्रम झालेले असतात. त्या कामाचा मान निर्विवाद आहे. परंतु तो पुतळा काचेच्या कपाटासाठी असतो, आणि टेबलावरचा सैनिक हातभर अंतरावरून, इतर एकोणचाळिसांच्या गर्दीत पाहिला जातो. वापर कोठे होणार आहे हे पाहून दर्जा ठरवणे याला कोणी कामचुकारपणा म्हणणार नाही. रोजच्या वापराच्या कापडाला शालूची जर कोणी लावत नाही, आणि म्हणून ते कापड विणणाऱ्याला कोणी कमी लेखत नाही. शिवाय वॉश मूर्तिकाराच्या श्रमांना न्याय देतो. त्याने कोरलेली प्रत्येक घडी त्यातून दिसू लागते. करड्या प्लॅस्टिकमध्ये ती कपाटातच बंद राहते.

घरात एखाद्या मुलाला वा मुलीला हा छंद लागला, तर पालकांनी खर्चाकडे पाहून एकदम नकार देण्याचे कारण नाही, आणि मागेल ते खोके आणून देण्याचेही नाही. पाच पुतळे, चार रंग, एक तपकिरी वॉश, दोन कृत्रिम ब्रश एवढ्यावर आरंभ करावा. ते पाच चकतीच्या कडेपर्यंत आणि व्हार्निशपर्यंत पूर्ण झाले की पुढची खरेदी, हा एकच नियम घरात ठेवावा. मागील खात्याचा मेळ लागल्याशिवाय नवे खाते उघडू नये, हे व्यापारी घरातील मुलांना निराळे शिकवावे लागत नाही. ते येथे रंगाच्या बाटलीसमोर बसून त्यांच्या स्वतःच्या हातून घडते.