यजमान कोणत्या पंगतीस?

सन २०२५ च्या ९ मार्चचा रविवार. दुबईस भारत व न्यूझीलंड यांच्यामध्यें चँपियन्स करंडकाचा अंतिम सामना दुपारीं अडीच वाजतां सुरू व्हावयाचा, म्हणून खेडच्या आमच्या घरीं पुरुषांची व मुलांची पंगत लवकर बसली होती. पहिला भात होतो न होतो तोंच पुतण्यानें विचारलें, "काका, या करंडकाचें मूळ कोठलें?" प्रश्न लहान, उत्तर मात्र भात निवेपर्यंत चाललें.

ही स्पर्धा प्रथम १९९८ सालीं, २४ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर या अवघ्या नऊ दिवसांत, ढाका येथें झाली. तेव्हां तिचें नांव निराळें होतें आणि नियम मोठा कठोर होता. एकदां हरला तो घरीं गेला! २८ ऑक्टोबर रोजीं आपल्या सचिन तेंडुलकरानें ऑस्ट्रेलियाविरुद्ध १४१ धावा काढिल्या व वर चार गडीहि बाद केले. तीनच दिवसांनीं वेस्ट इंडीजनें भारतास हरविलें आणि त्या पराक्रमाचें तेज तेथेंच मावळलें. करंडक दक्षिण आफ्रिकेनें नेला.

पण मला त्या स्पर्धेंतील नवल वाटतें तें यजमानाचें. त्याच पावसाळ्यांत बांगलादेशांत महापूर येऊन निम्म्याहून अधिक देश पाण्याखालीं गेला होता. सप्टेंबर उजाडला तरी पाणी ओसरेना. जगबुडीचें पाणी पेठेंत शिरलें म्हणजे मागाहून चिखल उपसतांना काय हाल होतात, हें खेडकरांस सांगावयास नकोच. अशा स्थितींतून उठून त्या देशानें मैदान सिद्ध केलें व नऊ राष्ट्रांचें आदरातिथ्य केलें. स्वतः मात्र तो खेळला नाहीं; कारण प्रवेश कसोटी खेळणाऱ्या राष्ट्रांसच होता. आणि हेतु काय, तर कसोटी न खेळणाऱ्या देशांत क्रिकेट वाढावें म्हणून द्रव्य उभें करणें!

ताक घेऊन आलेल्या वहिनी दारांतच थांबल्या. "म्हणजे भावोजी, रांधणारा उपाशी आणि पाहुणे ढेंकर देऊन मोकळे."

आम्ही हंसलों. मग माझी दृष्टि घड्याळाकडे गेली. दोन वाजून गेले होते, आणि आईचें व वहिनींचें पान अद्याप मांडलेलें नव्हतें.

मीं घाईघाईनें पुढचें सांगितलें. जून २००० मध्यें बांगलादेशास कसोटीचा दर्जा मिळाला. नोव्हेंबरांत त्याची पहिली कसोटी ढाक्याच्या त्याच मैदानावर भारताशीं झाली. सामना तो हरला, पण अमीनुल इस्लामनें १४५ धावा काढून दाखविल्या. पुढें २०१७ सालीं तर याच करंडकाच्या उपांत्य फेरीपर्यंत त्याची मजल गेली.

"दोन वर्षें ताटकळल्यावर पान मांडलें म्हणावयाचें," वहिनी म्हणाल्या.

पुतण्या कांहीं न बोलतां उठला व त्यानें दोन पाट मांडले. दादांनीं वहिनींच्या हातून ताकाचें भांडें घेतलें. भात मीं वाढला. तो थोडा सांडलाहि.

त्या दिवशीं भारतानें चार गडी राखून करंडक जिंकला. पहिलीं कांहीं षटकें मात्र आमच्या घरांत कोणीच पाहिलीं नाहींत.