मार्कशीटवरचं विद्यापीठ बघितलंय का?

मुंबई विद्यापीठ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? हॉल तिकीट, एटीकेटीचा फॉर्म आणि रिझल्टची वाट. आंबिवली, शहाड, टिटवाळ्याहून कल्याण-उल्हासनगरच्या कॉलेजात जाणाऱ्या आपल्यापैकी कित्येकांची पदवी पूर्ण होते, पण ज्याचं नाव मार्कशीटवर छापलंय त्याची फोर्टातली इमारत काही बघून होत नाही. ‘टाउन’ला आपण जातो ते कामासाठी. इंटरव्ह्यू, सरकारी परीक्षा, फार तर मरिन ड्राइव्ह. काम झालं की परतीची कसारा लोकल पकडायची घाई.

माझं म्हणणं एवढंच, की एकदा काहीही काम नसताना जा. पाहुणे म्हणून जा.

आंबिवलीहून सीएसएमटी साधारण साठ किलोमीटर. लोकलचे दीड-पावणेदोन तास, मग पंधरा-वीस मिनिटं पायी. डी. एन. रोडने सरळ हुतात्मा चौक गाठा. संयुक्त महाराष्ट्रासाठी जीव दिलेल्यांचं स्मारक तिथे आहे. दोन मिनिटं थांबा. तिथून ओव्हल मैदानाकडे वळलात की राजाबाई टॉवर दिसतो. ८५ मीटर उंच, १८७८ मध्ये पूर्ण झालेला. पैसा प्रेमचंद रायचंद यांचा, नाव त्यांच्या आईचं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या तेजीत हे गृहस्थ गब्बर झाले आणि १८६५ मध्ये युद्ध संपल्यावर बुडालेही. मोहन्याच्या एनआरसीत ज्यांच्या घरातलं कुणी कामाला होतं, त्यांना धाग्याचा पैसा कसा येतो आणि कसा जातो हे वेगळं सांगायला नको.

टॉवरवर चढता येत नाही, पण खालून मान वर करून बघा. कोनाड्यांत पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या जातीजमातींच्या माणसांचे दगडी पुतळे आहेत. त्यांच्या पगड्या बघण्यात अर्धा तास सहज जातो. मग मैदानात बसा. एका बाजूला या गॉथिक इमारती, समोर आर्ट डेकोच्या गोलसर बाल्कन्या. या दोन्हींना मिळून २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं. मधे पोरं क्रिकेट खेळत असतात, ते फुकट.

काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेज आहे. बाबासाहेब आंबेडकर परळच्या चाळीतल्या खोलीतून इथे शिकायला यायचे. ‘ही जागा आपल्यासारख्यांची नाही’ असं वाटलं तर हे आठवा. आणि तसं वाटतं, हे मान्य करू या. पॉलिश्ड इंग्रजी बोलणारा ग्रुप शेजारून गेला की आपण उगाच बॅग सावरतो. जहांगीर आर्ट गॅलरीच्या दारात पाय अडखळतो. तिथे तिकीट लागत नाही आणि चित्र कळलं का, असं कुणी विचारतही नाही.

आता तक्रार. कॉलेजच्या सहली रिसॉर्टला आणि वॉटर पार्कला जातात, डोक्यामागे हजार-दीड हजार जमवतात. एफवायच्या पोरांना लोकलने फोर्टात न्यायला काय हरकत आहे? इतिहासाच्या सरांनी पुढे चालायचं, बस्स. आणि विद्यापीठानेही गेटवर अडवण्यापेक्षा महिन्यातला एक शनिवार संलग्न कॉलेजांच्या पोरांसाठी राखून ठेवावा. आयकार्ड दाखवा, दीक्षान्त सभागृह आणि टॉवरखालचं ग्रंथालय बघून जा. कल्याणला उपकेंद्र झालं ही सोयीची गोष्ट आहे, पण त्यामुळे १८५७ सालच्या विद्यापीठाचं मूळ घर आपल्याला परकं का व्हावं?

परवानगी मिळेल तेव्हा मिळेल. रस्ता, मैदान आणि गॅलरी तर उघडीच आहे. रविवारचा मेगाब्लॉक तेवढा बघून निघा. दुपारी भूक लागली तर काळा घोड्याच्या कॅफेत शिरू नका, खिसा रिकामा होईल. हायकोर्टाजवळच्या फुटपाथवर वडापाव मिळतो.