विश्लेषण : प्लेस्टेशन, एक्सबॉक्स की निन्टेन्डो? कन्सोलचा खरा खर्च किती?

‘ग्रँड थेफ्ट ऑटो ६’ हा बहुप्रतीक्षित गेम १९ नोव्हेंबर २०२६ रोजी येणार असल्याचे रॉकस्टार गेम्सने जाहीर केले आहे. तो प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सीरिज एक्स व एस या कन्सोलसाठीच जाहीर झाला असून प्लेस्टेशन ४ त्या यादीत नाही. त्यामुळे जुना कन्सोल असणाऱ्यांपुढे आणि पहिल्यांदाच कन्सोल घेणाऱ्यांपुढे प्रश्न एकच आहे, तो म्हणजे पैसे कशात घालायचे? दुकानात तुलना होते ती यंत्राच्या किमतीची. पण यंत्र एकदाच घ्यावे लागते. गेम, सदस्यत्व आणि इंटरनेट यांचा खर्च मात्र पुढची तीन-चार वर्षे चालू राहतो. सगळ्यात स्वस्त कन्सोल सगळ्यात महाग पडतो, तो याच कारणाने.

थोडे थांबले तर किंमत उतरेल का?

पूर्वी उतरत असे. प्लेस्टेशन २ अमेरिकेत २००० मध्ये २९९ डॉलरला आला आणि २००९ मध्ये ९९ डॉलरला मिळू लागला. या पिढीत मात्र उलटे घडले. प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आला आणि पुढच्याच वर्षी त्याची किंमत ५४,९९० रुपये झाली. अमेरिकेत एक्सबॉक्स सीरिज एक्स २०२० मध्ये ४९९ डॉलरला होता, तो ऑक्टोबर २०२५ पर्यंत दोन वाढींनंतर ६४९ डॉलरवर गेला. सोनीनेही ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या किमती ५० डॉलरने वाढवल्या. त्यात २०२५ च्या अखेरीस एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे मेमरी चिप महागल्या. कन्सोलमध्ये याच चिप लागतात. त्यामुळे मूळ किंमत कमी होण्याची वाट पाहण्यात फारसा अर्थ नाही. सणासुदीच्या सवलती आणि बँकेच्या कार्डवरील सूट याच काय त्या संधी.

डिस्कवाला की डिजिटल?

प्लेस्टेशन ५ स्लिम एप्रिल २०२४ मध्ये भारतात आला तेव्हा डिस्कवाल्या मॉडेलची किंमत ५४,९९० आणि डिजिटल मॉडेलची ४४,९९० रुपये होती. म्हणजे १० हजारांचा फरक. डिजिटल मॉडेल घेऊन हे पैसे वाचले, असे अनेकांना वाटते. हिशेब करून पाहू. मोठा नवा गेम साधारण ४ ते ५ हजार रुपयांना येतो. समजा, ५ हजारांची डिस्क घेतली, गेम पूर्ण केला आणि ती ३ हजारांना विकली, तर गेम पडला २ हजारांना. डिजिटल गेम विकता येत नाही. तिथे पूर्ण ५ हजार गेले. अशा चार गेममध्ये १२ हजारांचा फरक पडतो आणि यंत्रावर वाचवलेले १० हजार संपतात. शिवाय डिस्क मित्राला देता येते, भावंडांत फिरवता येते, जुन्या प्लेस्टेशन ४ च्या डिस्कही त्यावर चालतात.

याला अपवाद आहे. जो गेम आल्या दिवशी घेत नाही, वर्ष-दोन वर्षे थांबून ऑनलाइन सेलमध्ये निम्म्या किमतीत घेतो किंवा वर्षभर एकच फुटबॉलचा गेम खेळतो, त्याला डिजिटल मॉडेल पुरते. स्लिमच्या डिजिटल मॉडेलला डिस्क ड्राइव्ह नंतर जोडण्याची सोय आहे. एक्सबॉक्स सीरिज एसला ती नाही.

गेम पास अजून परवडतो का?

एक्सबॉक्सची सगळी भिस्त गेम पासवर होती. दरमहा ठरावीक पैसे भरा आणि शेकडो गेम खेळा, असा हा प्रकार. ऑक्टोबर २०२५ मध्ये यातील अल्टिमेट योजना भारतातील नव्या सदस्यांसाठी महिना ८२९ वरून १,३८९ रुपये झाली. वर्षाचे होतात १६,६६८ रुपये आणि तीन वर्षांचे ५०,००४. सीरिज एस भारतात आला तेव्हा ३४,९९० रुपयांना होता, म्हणजे सदस्यत्वच यंत्राला मागे टाकते. महिना ६९९ रुपयांची प्रीमियम योजना घेतली तर वर्षाला ८,३८८ रुपये लागतात. तिच्यात मायक्रोसॉफ्टचे नवे गेम पहिल्या दिवशी मिळत नाहीत. पण वर्षाला दोनपेक्षा जास्त मोठे गेम खेळणाऱ्याला ती अजूनही स्वस्त पडते. सुट्टीत महिनाभर सदस्यत्व घ्यायचे आणि शाळा-कॉलेज सुरू झाले की बंद करायचे, हाही मार्ग आहे.

दुसरा मुद्दा गेमचा. ‘फोर्झा होरायझन ५’ आणि ‘गिअर्स ऑफ वॉर : रीलोडेड’ हे एक्सबॉक्सची ओळख असलेल्या मालिकांतील गेम २०२५ मध्ये प्लेस्टेशनवरही आले. ‘गॉड ऑफ वॉर’ किंवा ‘स्पायडर-मॅन’ मात्र एक्सबॉक्सवर आलेले नाहीत. केवळ एक्सबॉक्सवरच मिळेल, असे फार थोडे उरले आहे.

इंटरनेटचा हिशेब का करायचा?

आजचे मोठे गेम १०० जीबीच्या आसपास असतात. ४० एमबीपीएसच्या जोडणीवर १०० जीबी उतरवायला सलग साडेपाच तास लागतात. घरी फायबर असेल तर रात्री लावून झोपता येते. पण रोज दीड-दोन जीबीच्या मोबाइल प्लॅनवर हे शक्य नाही. डिस्क घेतली तरी अपडेट उतरवावे लागतातच. सीरिज एसच्या ५१२ जीबी मॉडेलमध्ये वापरायला सुमारे ३६४ जीबी मिळतात, म्हणजे तीन-चार मोठ्या गेममध्ये जागा भरते. मग जुना गेम काढा आणि हवा तेव्हा पुन्हा उतरवा.

सशुल्क गेम ऑनलाइन मित्रांबरोबर खेळायचे तर प्लेस्टेशनवर पीएस प्लस आणि एक्सबॉक्सवर गेम पासची किमान योजना लागते. ‘फोर्टनाइट’सारख्या मोफत गेमना ती लागत नाही.

निन्टेन्डो आणि प्लेस्टेशन ५ प्रोचे काय?

निन्टेन्डो स्विच २ जून २०२५ मध्ये अमेरिकेत ४४९ डॉलरला आला. पण निन्टेन्डोची भारतात अधिकृत विक्री नाही. इथे मिळतात ते आयात केलेले संच. त्यांची किंमत विक्रेता ठरवतो आणि बिघाड झाल्यास कंपनीची वॉरंटी इथे उपयोगी पडत नाही. निन्टेन्डोच्या स्वतःच्या गेमच्या किमतीही फारशा उतरत नाहीत. लहान मुलांसह घरच्यांनी एकत्र खेळण्यासाठी तो उत्तम आहे, परदेशातून येणारे कुणी नातेवाईक असतील तर विचार करावा. पण दुरुस्तीची जोखीम धरूनच.

प्लेस्टेशन ५ प्रो नोव्हेंबर २०२४ मध्ये जगभर आला तेव्हा भारत त्यात नव्हता. त्याच्या वायफाय ७ साठी लागणाऱ्या ६ गिगाहर्ट्झ लहरींना इथे तेव्हा परवानगी नव्हती. आयात केलेल्या प्रोला वॉरंटीचा तोच प्रश्न लागू होतो.

मग कुणी काय घ्यावे?

वर्षाला तीन-चार नवे गेम खेळणाऱ्याला डिस्कवाला प्लेस्टेशन ५ तीन वर्षांच्या हिशेबात सर्वात किफायतशीर ठरतो. घरी चांगले फायबर आहे, पूर्ण एचडी टीव्ही आहे आणि वेगवेगळे गेम चाखून पाहायचे आहेत, त्याने सीरिज एस आणि प्रीमियम योजनेचा विचार करावा. मात्र यंत्राची उपलब्धता आणि जवळचे सेवा केंद्र आधी विचारून घ्यावे. बजेट फारच कमी असेल तर वापरलेला प्लेस्टेशन ४ आणि जुन्या डिस्क यांत भरपूर गेम खेळून होतात, फक्त ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ६’ची अपेक्षा ठेवू नये.

आणि मुलगा मोबाइलवर ‘बीजीएमआय’ किंवा ‘फ्री फायर’च खेळत असेल, तर पालकांनी आधी त्यालाच विचारावे. हे दोन्ही गेम कन्सोलवर नाहीत. मित्र सगळे मोबाइलवर असतील, तर ५० हजारांचे यंत्र महिनाभरात टीव्हीखाली धूळ खात पडू शकते.