कॉलेजचे नाव की पक्के गणित?

दहावी-बारावीचे निकाल लागले की टिळकवाडीत घरोघरी एकच चर्चा सुरू होते, पुढे काय? पूर्वी उत्तरे ठरलेली असत. डॉक्टर, इंजिनिअर, नाहीतर बँकेत नोकरी. आता त्यात 'इन्व्हेस्टमेंट बँकिंग' या शब्दाची भर पडली आहे. पगाराचे आकडे ऐकून मुले हरखून जातात. मग बेंगळूर-पुण्याच्या खासगी संस्थांची गुळगुळीत माहितीपत्रके घरी येतात आणि बीबीएची फी पाहून पालकांच्या पोटात गोळा येतो. तरीही "मुलाच्या भविष्याचा प्रश्न आहे" म्हणून काहीजण जमीन किंवा दागिने गहाण टाकायला तयार होतात. या घाईविषयी चार शब्द लिहावेसे वाटतात.

प्रथम हे काम काय असते ते पाहू. नावात बँक असली तरी आपल्या बचत खात्याशी याचा संबंध नाही. समजा, उद्यमबागेतील एखाद्या कारखान्याला विस्तारासाठी मोठे भांडवल हवे आहे. शेअर विक्रीस काढावेत की कर्जरोखे? किंमत किती ठेवावी? दुसरा कारखाना विकत घ्यायचा तर त्याचे मोल किती? हे सारे मांडून व्यवहार तडीस नेतो तो इन्व्हेस्टमेंट बँकर. आपल्याकडे सेबी त्याची नोंदणी 'मर्चंट बँकर' म्हणून करते. ताळेबंद वाचणे, आकडेमोड आणि स्वच्छ इंग्रजीत अहवाल लिहिणे ही त्याची रोजची हत्यारे. रात्री उशिरापर्यंत जागावे लागते आणि मंदी आली की नोकरीवर गदा येते. २००८ साली लेहमन ब्रदर्स ही दीडशे वर्षांहून जुनी संस्था बुडाली, तेव्हा हजारो हुशार माणसांच्या नोकऱ्या गेल्या. दुरून डोंगर साजरे, हे इथेही खरे आहे.

कॉलेजच्या नावाला काहीच किंमत नाही, असे मी म्हणणार नाही. अमेरिकेत १८८१ साली स्थापन झालेल्या व्हॉर्टनसारख्या संस्थांतून बँका पदवीधरांना थेट उचलतात. आपल्याकडे पहिल्या पदवीनंतर अशी संधी देणारी नावे मोजकीच आहेत. दिल्लीचे श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्स, तिथलेच शहीद सुखदेव कॉलेज ऑफ बिझनेस स्टडीज, मुंबईचे सेंट झेवियर्स ही त्यांतली काही. आयआयएम इंदूरने बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम २०११ साली सुरू केला, तोही याच रांगेत बसतो. अशा ठिकाणी प्रवेश मिळत असेल तर अवश्य जावे. दिल्ली विद्यापीठाचे प्रवेश २०२२ पासून सीयूईटी परीक्षेतून होतात. ही परीक्षा तेरा भाषांत घेतली जाते, त्यांत मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत. श्रीराम कॉलेजची फी खासगी संस्थांच्या मानाने पुष्कळ कमी आहे.

अडचण आहे ती मधल्या संस्थांची. फी मोठ्या संस्थेची आणि नाव मात्र कोणी न ओळखणारे. त्यांच्या पत्रकावर परदेशी बँकांची बोधचिन्हे असतात. ती खोटीच असतात असे नाही. गोल्डमन सॅक्सचे बेंगळूरचे कार्यालय २००४ पासून आहे आणि अशा कार्यालयांत हिशेब जुळवणे, संगणक प्रणाली सांभाळणे अशी कामे मोठ्या प्रमाणावर चालतात. ती कामे चांगलीच आहेत, पण ते इन्व्हेस्टमेंट बँकिंग नव्हे. म्हणून प्रवेशापूर्वी पालकांनी तीन प्रश्न विचारावेत. गेल्या वर्षी किती मुलांना नोकरी लागली? कोणत्या पदावर? आणि सर्वांत जास्त पगार नको, मधल्या मुलाचा पगार सांगा. याची उत्तरे लेखी मिळत नसतील तर समजून घ्यावे.

आता ज्यांनी हे क्षेत्र गाजवले त्यांच्याकडे पाहू. नागपुरात १९५७ साली मराठी कुटुंबात जन्मलेले विक्रम पंडित मॉर्गन स्टॅन्लेत चढत गेले आणि डिसेंबर २००७ ते ऑक्टोबर २०१२ सिटीग्रुपचे प्रमुख होते. त्यांची पहिली पदवी विद्युत अभियांत्रिकीची. अर्थशास्त्राकडे ते नंतर वळले. आयसीआयसीआयचे के. व्ही. कामत कर्नाटकातल्याच सुरतकलचे मेकॅनिकल इंजिनिअर, नंतर आयआयएम अहमदाबाद. उदय कोटक मुंबईच्या सिडनहॅमचे, म्हणजे १९१३ साली सुरू झालेल्या सरकारी कॉलेजचे, आणि पुढे जमनालाल बजाज संस्थेचे. बारावीनंतर लगेच महागडी बिझनेस स्कूल गाठली नाही म्हणून यांचे काही अडले नाही.

मग आपल्या मुलांनी काय करावे? माझे मत स्पष्ट आहे. वरची मोजकी दारे उघडली नाहीत तर घरी राहून गोगटे कॉमर्समध्ये बी.कॉम. करावे आणि जोडीला सीए धरावे. सीएच्या आर्टिकलशिपची दोन वर्षे मुंबई-बेंगळूरच्या एखाद्या मोठ्या फर्ममध्ये काढता येतात, तीही विद्यावेतन घेऊन. "लहान गावात मुलांना जग दिसत नाही" हा आक्षेप रास्त आहे, पण जग पाहण्याचा हा मार्ग स्वस्त आणि पक्का आहे. मोठे शैक्षणिक कर्ज काढायचेच तर ते आयआयएमच्या एमबीएसाठी राखून ठेवावे, म्हणजे फेडण्याची ऐपत येण्याची शक्यताही तेवढीच मोठी. अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे वाडवडील उगाच म्हणत नव्हते.

मात्र एक चूक महागात पडते. दहावीनंतर पीयुसी कॉमर्स घेताना "गणित नको रे बाबा" म्हणून मुले संख्याशास्त्र किंवा गणित नसलेला गट निवडतात. तिथेच अनेक दरवाजे बंद होतात. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्सला गणित लागतेच, आयआयएम इंदूरच्या प्रवेश परीक्षेतही गणिताचा मोठा वाटा असतो. म्हणजे खरा निर्णय बारावीनंतर होत नाही, तो सोळाव्या वर्षी होतो आणि बहुधा कोणाला न विचारता होतो.

म्हणून विश्वस्त मंडळींना विनंती. दहावीच्या मुलांसाठी दर वर्षी जानेवारीत विषयनिवडीचे एक मार्गदर्शन सत्र ठेवावे. सीए, बँक अधिकारी झालेले आपले माजी विद्यार्थी त्यासाठी आनंदाने येतील. प्रवेश परीक्षांची फी आणि प्रवासखर्च यांसाठी छोटासा निधी उभारता आला तर गरजू मुलेही अर्ज भरतील. आणि विद्यार्थी मित्रांनो, आजपासून वर्तमानपत्राचे अर्थविषयक पान रोज पंधरा मिनिटे वाचा. न कळलेले शब्द वहीत लिहा आणि वाणिज्यच्या सरांना विचारा. त्याला फी पडत नाही.